सुर्ला युनायटेडचं गाऱ्हाणं

मैदानावर सगळ्यांच्या पाठी एकट्या गोलकीपरला दिसतात, आणि सगळ्यांच्या चुकाही. म्हणून मी ओरडतो. आमच्या बॅकवर ओरडतो, कोच बाबलीमास्तरांवर ओरडतो, आणि घरी भात गिळगिळीत झाला तर तिथेही ओरडतो असं सायली, माझी बायको, चारचौघांत सांगते. भाताचं खोटं आहे. बाकीचं खरं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. तोंड मिटून बसणारा गोलकीपर म्हणजे न भुंकणारा कुत्रा, पाळून उपयोग काय!

पण आमचा क्लब विकायला निघालाय हे धाकूच्या हॉटेलात कानावर आलं तेव्हा मात्र माझा आवाज कुजबुजीवर आला. पुढ्यात भाजी-पाव होता. धाकूने फडक्याने मेज पुसता पुसता सांगितलं, जसं एखादा सांगतो की उद्या पाणी येणार नाही.

"बाहेरची कोण तरी कंपनी आसा. टीमचा नाव तेंका नको, ग्राऊंड नको, तुमी पण नको. तेंका फकत वरच्या लीगमधली जागा होयी. ती घेवन दक्षिणेत न्हेतले."

"तुला कुणी सांगितलं?"

"धाकट्या शेटाच्या ड्रायव्हरान. तो हयच चाय पिता."

धाकूची बातमी चहासारखी असते, पाणी जास्त असतं पण पावडर खरी असते. मी उरलेला पाव कुत्र्याला टाकला आणि उठलो.

आता क्लबबद्दल सांगतो. सुर्ला युनायटेड गोवा राज्य झालं त्याच वर्षी निघाला. त्या दिवसांत गावात कोकणी की मराठी यावरून लोक सोयरिकी मोडायला निघाले होते. खाणीचे मालक नारायणशेट म्हणाले, काय बोलायचं त्या भाषेत बोला, पण एका बॉलच्या मागे धावा. त्यांनी खाणीचे बुलडोझर लावून डोंगराच्या पोटाशी जागा सपाट करून दिली. फाटकावरचं नाव मराठीत लिहिलं गेलं, प्रेक्षकांच्या शिव्या कोकणीत राहिल्या आणि रेफरीशी भांडण इंग्रजीत व्हायचं. कुणाचाच अपमान झाला नाही. पुढे क्लब वाढला, खेळाडूंना पगार सुरू झाला, आणि आमच्यासारख्या ट्रक ड्रायव्हरांच्या पोरांना बॉल लाथाडण्याचे पैसे मिळायला लागले. वरच्या लीगमध्ये चढलो त्या संध्याकाळी नारायणशेट तांबड्या धुळीत बसून रडले होते, हे मी गोलपोस्टमधून पाहिलंय.

मग नारायणशेट गेले. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर खाणीही बंद झाल्या. सुर्ल्यापासून शिरगावपर्यंत दारादारांत ट्रक ताडपत्री पांघरून उभे राहिले. रस्त्यावरची धूळ बसली, झाडं हिरवी दिसायला लागली आणि माणसं पिवळी पडली. क्लबचा पगार आधी लांबला, मग थांबला. निम्मी टीम पांगली. उरलो आम्ही, ज्यांना जायला जागा नव्हती किंवा ज्यांचा पाय इथून निघत नव्हता.

मी कुठल्यात होतो ते मलाही सांगता आलं नसतं. कारण मला जायला जागा होती. मडगावच्या एका क्लबचा मॅनेजर पंधरवड्यापासून माझ्या मागे होता. दोन वर्षांचा करार, वेळेवर पगार, राहायला खोली. माझं वय तेहतीस. ह्या वयात गोलकीपरला कुणी बोलावतं तेव्हा त्याने शहाण्यासारखं उठून जावं. सायलीही तेच म्हणाली. "क्लब ऱ्हवलो तर ऱ्हव. नाय तर देवळातली घंटा वाजवीत बसतलंस काय?" तिचं चुकत नव्हतं. ती डिचोलीत एका डॉक्टरकडे कामाला होती आणि घर तिच्यावर चाललं होतं. मी मॅनेजरला सांगितलं, "आमचा नारळ झाला की कळवतो."

आमचा नारळ म्हणजे सीझनचा नारळ. मैदानाच्या कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंड्यापासून हाताच्या अंतरावर, घोटिंगाच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. मैदान सपाट करताना बुलडोझर त्या दगडापाशी तीनदा बंद पडला म्हणतात. म्हणून कोपरा तिथे जरा वाकडा राहिलाय. नारळी पौर्णिमा झाली की येणाऱ्या रविवारी तिथे नारळ, विडी आणि फेणीचा एक घोट ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि मगच आम्ही बॉलला पाय लावतो. गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या बाबांचा, भिकाजी गवसांचा. मूळचे आम्ही दोडामार्गकडचे. बाबांनी उभा जन्म खाणीवर ट्रक चालवला, पण आवाज देवळातला आणला होता.

ज्यांनी कधी गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना सांगायला हवं. एक जण देवाला हाका मारून मागणं मागतो, आणि तो थांबला की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एवढंच. मागणारा काय मागतोय ते कुणी ऐकत नाही. डोळे नारळावर, मन जेवणावर, आणि तोंड आपोआप हलतं. आईच्या कडेवर असल्यापासून ही सवय लागते. पण एकदा देवासमोर 'व्हय' म्हटलं की ते मागे घेता येत नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. धाकूचा चुलता एकदा असाच पेंगत 'व्हय' म्हणून गेला आणि त्याला देवळाची कौलं परतून द्यावी लागली. कोकणी माणूस कोर्टाला फसवील, बँकेला फसवील, पण गाऱ्हाण्यातलं 'व्हय' फिरवणार नाही.

तर मी धाकूच्या हॉटेलातून उठलो तो तडक शेटच्या घरी गेलो. नारायणशेटांचा मुलगा प्रज्योतबाब, म्हणजे धाकटे शेट, माझ्याच वयाचे. लहानपणी आम्ही एकत्र खेळलोय. खेळायला ते अगदीच सुमार, पण गाऱ्हाण्याला सगळ्यात मोठा 'व्हय म्हाराजा' त्यांचा असायचा. नारायणशेट हसून म्हणायचे, "पायाक येयना तें तोंडाक येता." पुढे ते शिकायला पुण्याला गेले, तिथून परदेशी गेले आणि परत आले ते बंद खाणीचे मालक व्हायला. त्या दिवशी ते सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसले होते. शेजारी त्यांच्या आई, पद्मावतीबाई, फुलं निवडत होत्या.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सभ्य भाग एवढाच की बापाने लावलेलं झाड मुलाने विकू नये.

प्रज्योतबाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "प्रथमेश, झाडाला पाणी कुठून घालू ते सांग. खाण बंद. ऑफिसमधली माणसं मी घरी बसवली. आणखी एक सीझन मी क्लब ओढला तर शेवटी विकायलाही काही उरणार नाही. आज विकला तर तुम्हा सगळ्यांचा थकलेला पगार तरी देता येईल."

"आणि क्लब?"

"क्लब तसाही मरतोय. मी फक्त तिरडीचा खर्च काढतोय."

आपली बाजू लंगडी पडली की माझा आवाज वाढतो. मी आणखी ओरडलो. तेव्हा पद्मावतीबाईंनी मान वर केली. "प्रथमेश, घरात आवाज नको," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी निघालो.

निघताना प्रज्योतबाब पायरीपर्यंत आले. "रविवारी नारळाला मी येतो. कंपनीचे साहेबही असतील. सगळ्यांना मी स्वतः सांगेन. पाठीमागून विकला असं कुणी म्हणायला नको. तिथेच कागदावर सही करीन."

माणूस सरळ होता, हीच पंचाईत होती. लबाड असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

घरी आलो आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा अंगणात आमच्या ट्रकचे टायर पुसत होते. वर्षभर जागचा न हललेला ट्रक ते रोज सकाळी पुसत. मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "रविवारी कोण कोण येतला?"

"सगळेच येतील. ट्रकवाले, दुकानदार, पदेर. क्लबचा शेवटचा नारळ म्हटल्यावर अख्खा गाव लोटेल."

"धाकटो शेट खंय उभो ऱ्हवतलो?"

"दरवर्षी शेट उभे राहायचे तिथेच. दगडाच्या उजवीकडे. तुम्हाला काय करायचंय?"

"माका काय करूचा आसा! गाऱ्हाणा घालूचा आसा," असं म्हणून त्यांनी फडकं पिळलं. मग पाठमोरेच म्हणाले, "सायली सांगा होती, तू मडगावाक चललंस."

"अजून नक्की नाही."

"बरा."

बाबांच्या 'बरा' शब्दाचे नाना अर्थ आहेत आणि त्यातला एकही बरा नाही. मी आत जाऊन भात खाल्ला. भात गिळगिळीत झाला होता, आणि मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी ऊन-पावसाचा खेळ चालू होता. मी म्हटल्याप्रमाणे अख्खा गाव लोटला होता. ट्रकवाले आले, त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आला, किराणावाल्या लक्ष्मीबाई आल्या, सायकलच्या मागे पावांची टोपली बांधलेला पदेर आला आणि धाकू हॉटेल बंद करून आला. हॉटेल बंद करणं म्हणजे धाकूच्या दृष्टीने सुतकच. आम्ही खेळाडू जर्सी घालून एका रांगेत उभे होतो. बाबलीमास्तरांनी शिट्टी गळ्यात अडकवली होती पण ती सारखी चाचपत होते. त्यांना दुसरं काही करता येत नाही हे ते आणि आम्ही, दोघेही जाणून होतो.

प्रज्योतबाब आले. बरोबर पांढऱ्या बुटांचा एक साहेब होता. तांबड्या चिखलात पांढरे बूट घालून येणारा माणूस किती दूरचा असेल ते बघून घ्या. त्याच्या काखेत कागदांचं पाकीट होतं. प्रज्योतबाबांनी चपला काढल्या आणि दगडाच्या उजवीकडे, वडील उभे राहायचे त्याच जागी, हात जोडून उभे राहिले. साहेब छत्री धरून जरा मागे थांबला.

बाबांनी दगडावर पाणी घातलं, विडी ठेवली, फेणी ओतली, नारळ दोन्ही हातांत धरला. मान वर केली आणि आवाज लावला.

"बाऽ देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या मैदानाच्या राखणदारा, गावच्या गावपुरुसा, शिरगावच्या लईराई माये, डिचोलीपासून तेरेखोलपर्यंतच्या बारा वाटेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी पोरां नवो सीझन सुरू करतत. तेंचो पाय मुरगळा नये, गुडघो फिरा नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रेफरीच्या डोळ्यावरची झापड काढ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जोरात झालं, मागे कुणी तरी हसलं. दरवर्षीचंच होतं सगळं. लोकांच्या माना नारळाकडे होत्या, पोरं चुळबुळत होती, आणि प्रज्योतबाबांचा आवाज लहानपणीसारखाच सगळ्यांच्या वर चढत होता. बाबांनी गती वाढवली. गाऱ्हाण्याची गती वाढली की उत्तराची लयही पकडते, हात आपोआप ताल धरतात.

"खाण बंद झाली. दाराक ट्रक उभे आसत. ज्येच्या दाराक ट्रक आसा, तेना आपल्या पाळयेन ह्या पोरांक म्याचीक न्हेवन परत हाडूचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येच्या दुकानात तांदूळ आसा, ज्येच्या भट्टीत पाव फुगता, ज्येच्या चुलीर चाय उकळता, तेना ह्या पोरांक उपाशी ठेवचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धाकूचा आवाज मला वेगळा ऐकू आला. त्याचे डोळे मिटलेले होते.

"ज्येच्या बापाशीन ह्यो क्लब ह्या मातीत लायलो, तेना तो उपटून दुसऱ्याक देवचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रज्योतबाबांचा आवाज होता तो. सगळ्यांच्या वर, स्वच्छ, खणखणीत. बाबा श्वासालाही थांबले नाहीत.

"आणि जो ह्या मातीत पडान खेळ शिकलो, तेना ही माती सोडून दुसऱ्याच्या दाराक जावचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलामाकला तर पोटात घाल. आणि आज हयसर ज्या ज्या तोंडातसून व्हय इला, ता ता पुरा करून घे, म्हाराजा!"

"व्हऽय म्हाराजा!"

नारळ फुटला. पाणी दगडावर उडालं. दोन शकलं, दोन्ही उताणी, म्हणजे देवाने ऐकलं.

आणि मग गंमत झाली. दरवर्षी नारळ फुटला की गलका होतो, खोबऱ्यासाठी पोरं धावतात. ह्या वेळी कुणी हललं नाही. आधी ट्रकवाल्यांचा अध्यक्ष शेजाऱ्याकडे बघायला लागला. शेजारी आपल्या पायांकडे बघायला लागला. लक्ष्मीबाईंनी हळूच कपाळाला हात लावला. धाकूने डोळे उघडले, आणि पेंगत 'व्हय' म्हणून कौलं परतलेल्या चुलत्याच्या पुतण्याला आपण काय करून बसलो ते कळलं. "आयलो मां आता खड्ड्यात!" तो म्हणाला. अख्ख्या मैदानावर तेवढंच एक वाक्य ऐकू आलं.

प्रज्योतबाबांचे हात अजून जोडलेले होते.

पांढऱ्या बुटांचा साहेब पुढे आला. त्याने पाकीट उघडलं आणि कागद पुढे धरले. प्रज्योतबाबांनी पेन घेतलं. मग बाबांकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, पण धारदार होता.

"भिकाजीमामा, हे तुम्ही बरोबर केलं नाही."

"काय केलंय, शेटानू?"

"सवयीने तोंडातून गेलं माझ्या. त्याला काही अर्थ नाही. मी हे सगळं मानत नाही."

बाबांनी नारळाचं शकल त्यांच्या हातावर ठेवलं. "मानू नकात. देवाची काय जबरदस्ती नाय. पेन तुमच्या हातात आसा. हयसरच, राखणदाराच्या समोर, सही करून दाखवा. आमी कोण तुमचो हात धरूचे नाय."

गाव बघत होता. घोटिंगाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. प्रज्योतबाबांच्या एका हातात पेन, दुसऱ्या हातात खोबरं. त्यांनी कागदावर पेन टेकवलं. मला वाटलं, संपलं सगळं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की पेनल्टी वाचवायला उडी घ्यावी तशी त्या कागदावर घ्यावीशी वाटली. पण बाबांनी शब्द दिला होता, कुणी हात धरणार नाही.

पेन टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग प्रज्योतबाबांनी दगडाकडे पाहिलं, आपण कुठे उभे आहोत तिकडे, पायाखालच्या मातीकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं.

साहेबाने इंग्रजीत विचारलं की अडचण काय आहे. प्रज्योतबाबांनी त्याला इंग्रजीतच समजवायचा प्रयत्न केला. पण गाऱ्हाणं इंग्रजीत सांगता येत नाही. दोन वाक्यांत ते अडकले. शेवटी एवढंच म्हणाले, सॉरी, मी शब्द देऊन बसलोय. साहेबाने विचारलं, कुणाला? प्रज्योतबाबांनी कोपऱ्यातल्या दगडाकडे बोट केलं. साहेबाने छत्री मिटली, गाडीत बसला आणि त्याचे पांढरे बूट मी परत कधी पाहिले नाहीत.

"एक सीझन," प्रज्योतबाब आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले. आता त्यांचा आवाज मालकाचा होता. "क्लब मी विकणार नाही. पण चालवायला माझ्याकडे काही नाही हे डोक्यात ठेवा. तुम्ही सगळ्यांनी जे जे 'व्हय' म्हटलंय ते तुम्ही करायचं. मी एकटाच नाही अडकलो इथे."

"व्हय म्हाराजा," मागून कुणी तरी बारीक आवाजात म्हणालं, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. बाबलीमास्तरांनी इतक्या जोरात शिट्टी वाजवली की पदेराची सायकल पडली आणि पाव चिखलात गेले. तेच आमचं पहिलं जेवण ठरलं असतं, पण लक्ष्मीबाईंनी पदेराला दुसरी टोपली आणायला पिटाळलं.

त्याच संध्याकाळी ट्रकवाले धाकूच्या हॉटेलात बसले आणि खाणीवर लावायचे तसे ट्रकांना नंबर लावले. पहिल्या म्याचला कुणाचा, दुसऱ्याला कुणाचा. भांडणंही खाणीवर व्हायची तशीच झाली, प्रत्येकाला पहिला नंबर हवा होता. वर्षभर ज्यांना कुणी कामाला बोलावलं नव्हतं ती माणसं पाळीसाठी हमरीतुमरीवर आली, हे बघून मला बरं वाटलं. पहिला नंबर बाबांच्या ट्रकला मिळाला. बाबांनी रात्रीच ताडपत्री काढली. पद्मावतीबाईंनी जुन्या जर्सी धुवायला घरी मागवून घेतल्या. कोण कधी काय देणार हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिण्याची गरज नव्हती, देवासमोर बोलणं झालं होतं.

क्लब वाचला का? ते सांगायला मी ज्योतिषी नाही. पगार कधी मिळेल हे मला आजही माहीत नाही, आणि खाण कधी उघडेल हे तर सरकारलाही माहीत नाही. पण आमच्याकडे अकरा पायजोड्या आहेत, ट्रक आहे, भात आहे आणि शिव्या द्यायला प्रेक्षक आहेत. लीगमधल्या निम्म्या क्लबांकडे याहून जास्त काही नसतं, फक्त त्यांचे बूट चांगले असतात. पहिल्या म्याचला आम्ही बाबांच्या ट्रकच्या हौद्यात उभे राहून म्हापशाला गेलो तेव्हा रस्त्यावरच्या माणसांना वाटलं खाण सुरू झाली. लोक हात हलवत होते. मी ओरडून सांगत होतो, माल आहे, पण विकायचा नाही!

मडगावच्या मॅनेजरचा फोन नारळाच्या दुसऱ्या दिवशी आला. बाबा अंगणात इंजिन उघडून बसले होते. सायली कामावर निघाली होती, ती दारातच थबकली.

"काय ठरलं?" मॅनेजरने विचारलं.

"यायला जमणार नाही," मी म्हटलं. "माझ्या बापाने देवासमोर अडकवलाय मला."

मॅनेजर गोव्याचाच. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. "गाऱ्हाणां?" एवढं म्हणाला, उसासा टाकला आणि फोन ठेवला.

सायलीने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "मामंजी, पोटच्या पोराक पण सोडलात नाय?" असं म्हणून ती गेली, पण रागावली नव्हती. संध्याकाळी येताना तिने माझ्यासाठी नवे ग्लोव्ह्ज आणले, आणि भात पातेल्यात मोकळा शिजला होता.

बाबा इंजिनातून मान वर न करता म्हणाले, "मी तुझा नाव घेतलंय नाय हां. तूच मोठ्यान बोललंस."

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हटलं.

"तसाच होता गाऱ्हाण्यात. सगळ्यांचा तसाच होता." बाबा स्वतःवर खूश होते. अख्ख्या गावाला एका नारळात बांधलं होतं त्यांनी, आणि वर स्वतःच्या पोरालाही. मी त्यांना खूश राहू दिलं. म्हाताऱ्या माणसाचा विजय हिरावून घेऊ नये.

पण गोलकीपरचं अर्धं काम डोळ्यांचं असतं आणि अर्धं कानांचं. पाठीमागून कोण धावत येतंय, बॉलला पाय कुठे लागला, हे आवाजावरून कळतं. तेहतीस वर्षांचा होईपर्यंत मी हेच करत आलोय. ट्रकवाल्यांचं नाव निघालं तेव्हाच बाबा कुठे निघालेत ते मला कळलं होतं. जो ह्या मातीत पडून खेळ शिकला, हे शब्द आले तेव्हा तो कोण आणि बाबा कुठल्या दाराबद्दल बोलतायत तेही कळलं होतं. गप्प राहायला मला भरपूर वेळ होता. पेनल्टीच्या वेळी मिळतो त्याहून कितीतरी जास्त.

मी एक एक शब्द ऐकला, आणि मगच 'व्हय' म्हटलं.